कोरीव खांबांमागची घराणी

वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) या गावाची ओळख जैन समाजाला नव्याने करून द्यावी लागत नाही. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे आणि भट्टारकपीठे एकाच गावात शतकानुशतके नांदावीत, असे स्थान विरळाच. येथील हस्तलिखितांच्या भांडारांनी अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासाला मोठी सामग्री पुरवली. १९१८ साली स्थापन झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमाने कित्येक पिढ्या घडवल्या. या सर्वांवर पुष्कळ लेखन झाले आहे. काष्ठासंघ मंदिरातील लाकडी कोरीवकामाची प्रशंसाही येणारा प्रत्येक यात्रेकरू करतो. मात्र ते सागवान कोणी चिरले, कोणी तासले, कोणाच्या पटाशीने त्यात वेलबुट्टी उमटली, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विचारला तरी उत्तर मिळत नाही.

व्यापारी घराण्यांची गोष्ट वेगळी आहे. धातूच्या किंवा पाषाणाच्या मूर्तीच्या पीठावरील चार ओळींचा लेख वाचला, तरी संवत, तिथी, संघ, गण, भट्टारकांचे नाव, दात्याची ज्ञाती, गोत्र, पिता, भार्या, पुत्र असा एक संपूर्ण कुटुंबपट हाती येतो. डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी असेच शेकडो लेख आणि प्रशस्ती तपासून ‘भट्टारक संप्रदाय’ हा ग्रंथ सिद्ध केला. तो १९५८ साली सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रकाशित केला. विदर्भातील अनेक बघेरवाल कुटुंबांना आपल्या मागच्या पिढ्यांचा शोध घ्यायचा असेल, तर आजही त्या ग्रंथाची पाने उलटावी लागतात. बघेरवालांपैकीच शाह जीजा यांनी चितोडचा कीर्तिस्तंभ उभारला, हे आपण अभिमानाने सांगतो. आणि ते सांगता येते, कारण ते लिहून ठेवलेले आहे.

जे लिहिलेले नाही, तेही श्रीमंतांच्या बाबतीत आख्यायिका होऊन टिकते. कारंजात कस्तुरीच्या हवेलीची कथा अजून सांगितली जाते. एका धनाढ्य संघई घराण्याने विक्रीस आलेली सारी कस्तुरी खरेदी केली आणि ती चुन्यात मिसळून हवेली बांधली, अशी ती कथा. चुन्यात कस्तुरी होती की नव्हती, हे आता ठरवता येणार नाही. पण हवेली म्हटली की दारे आली, चौकटी आल्या, तुळया आल्या. त्या घडवणाऱ्या माणसाचे नाव कथेत कुठेही येत नाही.

कारागिराचे नाव लिहू नये, असा काही आपल्या परंपरेचा दंडक नव्हता. राणकपूरच्या धरणविहारातील संवत १४९६ (इ. स. १४३९) च्या शिलालेखात मंदिर बांधवणाऱ्या धरणाशाहांच्या कुळाबरोबर सूत्रधार देपाक याचेही नाव आहे. चितोडच्या विजयस्तंभावर तर सूत्रधार जैता आणि त्याचे पुत्र यांची नावे कोरलेली आहेत. म्हणजे तेथे एका शिल्पी कुटुंबाच्या दोन पिढ्या दगडावर नोंदल्या गेल्या. लाकडाच्या नशिबी हे क्वचितच येते. लाकडाला वाळवी लागते, आग लागते, ओल धरते. तीन-चार पिढ्यांनी एखादा खांब बदलावा लागतो आणि बदलणारा जुन्या खांबाची नक्कल करून नवा बसवतो. नक्षी शिल्लक राहते, हात बदलतो. अशा वेळी कोणाचे नाव कोठे कोरायचे?

येथे ‘काष्ठासंघ’ या नावाविषयी थोडे विषयांतर करावेसे वाटते. संघाच्या आरंभी लाकडाच्या प्रतिमेचे पूजन झाले म्हणून हे नाव पडले, अशी एक जुनी समजूत आहे. संशोधकांचा कल मात्र ते ‘काष्ठा’ नावाच्या गावावरून पडले असे मानण्याकडे आहे, आणि तेच अधिक सयुक्तिक दिसते. तरीही ज्या संघाच्या नावात काष्ठ आहे, त्याच्याच कारंजातील मंदिराने लाकडी कामासाठी कीर्ती मिळवावी, हा योगायोग मनाला भावतो.

लाकूड चिरणाऱ्या माणसाच्या घराण्याचा इतिहास लिहिता येतो की नाही, याचे उत्तर शोधायचे तर दूर कॅनडातील एका गावाचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. त्या देशाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया प्रांतात विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबी मजूर मोठ्या संख्येने आरागिरण्यांत कामाला लागले. ओंडके ओढणे, फळ्या रचणे, भुसा हलवणे अशी कष्टाची आणि जोखमीची कामे त्यांच्याकडे असत. मजुरी गोऱ्या कामगारांपेक्षा कमी. १९०७ पासून प्रांतात त्यांना मताधिकार नव्हता. तो १९४७ साली मिळाला. १९०८ च्या नियमाने मायदेशातून थेट, न थांबता प्रवास करून येणाऱ्यांनाच प्रवेश ठेवण्यात आला. भारतातून अशी थेट बोट मिळणे जवळजवळ अशक्य होते. त्याच नियमापायी १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ जहाजावरील ३७६ प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकुव्हरच्या बंदरातून परत फिरावे लागले.

याच मजुरांपैकी मेयो सिंग हे १९०६ साली आलेले एक. गिरणीत अंगमेहनत करता करता त्यांनी लाकडाचा व्यवसाय जाणून घेतला आणि काही बांधवांना भागीदार करून व्हँकुव्हर बेटावरील काउइचन खोऱ्यात स्वतःची गिरणी काढली. गिरणीभोवती वस्ती झाली, १९१९ साली गुरुद्वारा उभा राहिला आणि पुढे त्या वस्तीने होशियारपूर जिल्ह्यातील त्यांच्या मूळ गावाचे ‘पालदी’ हे नाव धारण केले. तेथे पंजाब्यांबरोबर जपानी आणि चिनी कामगारही राहत होते. त्यांचे भागीदार कपूर सिंग यांच्या दोन्ही कन्या डॉक्टर झाल्या आणि त्या कुटुंबाने पंजाबातील औड येथे रुग्णालय चालू केले. मेयो सिंग यांच्या घरातील एका सुनेने या गावाच्या आठवणींचे पुस्तकही लिहिले.

हे सारे आज सांगता येते, याचे कारण केवळ त्या माणसांचे कर्तृत्व नव्हे. जहाजावरील प्रवाशांच्या याद्या, गिरणीतील पगारपत्रके, जनगणनेचे घरोघरचे तक्ते जपले गेले. कॅनडात जनगणनेचे तक्ते ९२ वर्षांनी सर्वांसाठी खुले होतात. १९३१ चे तक्ते १ जून २०२३ रोजी खुले झाले. ज्या राज्यव्यवस्थेने त्या मजुराला मत नाकारले, तिच्याच कागदांत त्याचे नाव, वय आणि काम लिहिलेले सापडते.

आपल्याकडे असे तक्ते नाहीत. भारतातील जनगणनेत घरोघरी भरलेल्या वैयक्तिक नोंदी गोपनीय असतात; जनतेसमोर येतात ते फक्त आकडे. तर मग बऱ्हाडातील सुताराच्या घराण्याचा माग कोठे काढायचा? त्यासाठी आधी तो काय काम करीत होता आणि कोणाकडे, हे पाहिले पाहिजे.

बऱ्हाडात सुताराला वाढई असेही म्हणतात. बलुतेदार म्हणून त्याचे मुख्य काम शेतीचे. वखर, डवरा, तिफण, बंडी ही सारी त्याच्या हातची. त्यासाठी बाभूळ, तिवस, धावडा अशी चिवट लाकडे लागत आणि मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने मिळे. इमारतीचे काम निराळे. त्यासाठी सागवान लागे आणि मजुरी रोख ठरे. गावचा प्रत्येक वाढई कोरीवकाम करीत नसे. ते जाणणारी मोजकी घरे असत आणि मोठे बांधकाम निघाले की त्यांना गावोगावाहून बोलावणे जाई. वाडा किंवा मंदिर बांधायचे म्हणजे ही माणसे महिनोन्महिने मालकाच्या आश्रयाला राहत. त्यांच्या शिध्याची, उचलीची, सणाच्या कापडाची व्यवस्था मालकाकडे असे.

कामाचा आरंभ चिरण्यापासून होई. यंत्रे येण्यापूर्वी ओंडका लाकडी घोड्यावर तिरका टेकवून बांधत. दोरीला काव किंवा काजळी लावून ओंडक्यावर ताणून झटका दिला की सरळ रेघ उमटे. याला सूत मारणे म्हणत. मग एक जण ओंडक्यावर उभा आणि दुसरा खाली, असे दोघे मिळून लांब आरा वर-खाली ओढत. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा पडे. एका मोठ्या ओंडक्याच्या फळ्या निघायला कित्येक दिवस लागत, आणि रेघेपासून आरा बोटभर सरकला तर महागाचे लाकूड वाया जाई. या जोडीत बहुधा बाप-लेक किंवा भाऊ-भाऊ असत, कारण दोघांचा दम आणि ताल एक असावा लागे. चिरलेले लाकूड सावलीत वाळवायचे, नंतर वाकसाने तासायचे, रंध्याने सारखे करायचे. मापाला गज, एका गजाचे चोवीस तसू. खांबाची उंची आणि जाडी, त्यावरील दाशाची लांबी, तुळईचा भार यांची गणिते तोंडी चालत. जोड साधायचा तो खाच आणि कुसू यांनी. लोखंडी खिळा शक्य तो वापरायचा नाही. पाऊसकाळात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. हा फरक सोसेल असा जोड पाडणे, हीच खरी परीक्षा. नक्षी त्यानंतरची. प्रेक्षक नक्षी पाहतो. जाणकार कारागीर आधी जोड पाहतो.

जैन व्यापाऱ्यांचा या धंद्याशी असलेला संबंध थोडा गुंतागुंतीचा आहे. उपासकदशांग सूत्रात श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी आहे. तिच्यात कोळसा पाडण्याच्या अंगारकर्मापाठोपाठ वनकर्म, म्हणजे जंगल तोडून लाकूड विकणे, येते. पंडित आशाधर, जे स्वतः बघेरवाल होते, त्यांनीही तेराव्या शतकातील ‘सागारधर्मामृत’ या ग्रंथात अशा खरकर्मांचा विचार केला आहे. तरीही मंदिरांना आणि वाड्यांना लाकूड लागतच होते. लाकूड विकत घेणारा श्रावक आणि ते तोडणारा, चिरणारा, कोरणारा माणूस यांच्यातील हे अंतर धर्मशास्त्राने आखलेले होते, की केवळ व्यवहाराने, यावर चर्चा होऊ शकेल. पुढे विदर्भात लाकडाचे टाल आणि आरा मशीन यांचा व्यवसाय मोठ्या प्रमाणात कच्छी पाटीदार कुटुंबांकडे आला आणि त्यांनी तो मेहनतीने वाढवला.

विजेवर चालणारा पट्टीआरा आल्यावर दोघांनी ओढायचा आरा भिंतीला टांगला गेला. काही दिवसांचे काम तासाभरात होऊ लागले. चिरणाऱ्यांच्या मुलांपैकी काही मशीनवर मजूर झाले. पट्ट्याला धार लावणे, दात काढणे, तुटलेला पट्टा जोडणे ही नवी कसबे त्यांनी आत्मसात केली. या पिढीवर वेगळेच संकट आले. वनसंरक्षणासंबंधीच्या गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी महत्त्वाचा आदेश दिला आणि ४ मार्च १९९७ च्या आदेशाने महाराष्ट्र व उत्तर प्रदेशातील विनापरवाना आरा मशीन तत्काळ बंद करण्यास सांगितले. २००२ च्या आदेशाने केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या पूर्वपरवानगीवाचून नवे आरा मशीन काढण्यासही बंदी झाली. जंगलांसाठी हे आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु परवान्याचा प्रश्न मालकाचा आणि रोजगाराचा प्रश्न मजुराचा, हा भेद आदेशाच्या अंमलबजावणीत कोणी फारसा लक्षात घेतला नाही. बंद पडलेल्या मशीनच्या मजुराचे नाव बहुधा हजेरीपटाखेरीज कोठेच नव्हते. मशीन गेले तसे तेही गेले.

आता वाडे जात आहेत. वारस वाढले, वाटण्या झाल्या, माळवद गळू लागले, सिमेंटचे घर सोयीचे वाटू लागले. यात कोणाला दोष देता येत नाही. जुने कोरीव दरवाजे आणि खांब विकत घेणारे व्यापारी गावोगाव फिरतात आणि तेच लाकूड पुढे शहरातील हॉटेलांत, बंगल्यांत शोभेला लागते. विकणाऱ्याने विक्रीपूर्वी निदान छायाचित्र काढून ठेवावे आणि तो खांब कोणत्या खणात, कोणत्या बाजूला होता ते लिहून ठेवावे, इतकी अपेक्षा जास्त नाही. परंतु याहून मोलाची वस्तू त्याच वाड्याच्या माळ्यावर असते आणि ती रद्दीवाल्याकडे जाते: जुन्या चोपड्या.

व्यापाऱ्याचा बांधकाम करतानाचा शिरस्ता ठरलेला होता. रोजकीर्दीत त्या त्या दिवसाचा खर्च पडे आणि खतावणीत ‘इमारत खाते’ स्वतंत्र उघडले जाई. ज्या कारागिराला वारंवार रक्कम द्यावी लागे, त्याच्या नावाचे स्वतंत्र पानही असे. त्याला दिलेली उचल नावे पडे आणि झालेल्या कामाची मजुरी जमा होई. त्या पानावर त्याचे नाव, त्यापुढे ‘वाढई’ किंवा ‘सुतार’, पुष्कळदा त्याचे मूळ गाव आणि त्याच्या वतीने पैसे घेऊन जाणाऱ्या मुलाचे किंवा भावाचे नाव, इतके तरी सापडू शकते. आडनाव मात्र शोधू नये; त्या काळी ते क्वचितच लिहीत. सागवान कोठून आणले, दर काय पडला, गाडीभाडे किती झाले, तेही त्याच खात्यात. काम पूर्ण झाल्यावर धोतर-पागोटे दिल्याची नोंद आली की समजावे, येथे हिशेब मिटला. हिशेबाची वही व्यापाऱ्याने स्वतःच्या नफ्या-तोट्यासाठी लिहिली, हे खरे. पण त्या कारागिराच्या घराण्याचा लेखी पुरावा अनेकदा तिच्यातच असण्याचा संभव आहे.

सुतार कुटुंबांना या शोधाची गरज आज प्रत्यक्ष व्यवहारात भासते. महाराष्ट्रात सुतार समाज इतर मागास वर्गात मोडतो आणि त्या वर्गातील जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचे आणि जातीचे पुरावे पाहिले जातात. मग मुलाच्या प्रवेशासाठी बाप तहसील कार्यालयात आजोबांची नोंद शोधत फिरतो. विदर्भात यासाठी कोतवाल बुक हा मोठा आधार आहे. गावातील जन्म-मृत्यू त्यात लिहिले जात. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख असते. शाळेचे दाखलखारीज रजिस्टर हा दुसरा आधार. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा तिसरा. तेथे गाव आणि जात सांगितली की यात्रेला गेलेल्या पूर्वजांची नावे निघू शकतात. या तिन्ही ठिकाणी एक अडचण समान आहे: गावाचे नाव माहीत असावे लागते. कामाच्या शोधात स्थलांतर केलेल्या कारागिराच्या नातवाला तेच ठाऊक नसते. व्यापाऱ्याची खासगी चोपडी हा सरकारी दाखला नव्हे. पण आजोबांचे गाव कोणते, हे जर तिच्यात लिहिलेले असेल, तर पुढचा सारा शोध तेथून सुरू होऊ शकतो.

चोपड्या वाचणे मात्र सोपे नाही. बऱ्हाडातील जुन्या वह्या मोडीत, तर राजस्थानातून आलेल्या कुटुंबांच्या वह्या पुष्कळदा महाजनी लिपीत असतात. मोडीचे प्रशिक्षणवर्ग राज्याचे पुराभिलेख संचालनालय भरवते. महाजनी वाचणारे आता फार थोडे उरले आहेत आणि ते बहुतेक आपल्याच समाजातील ऐंशीच्या पुढचे वडीलधारे आहेत. त्यांच्या हयातीतच त्यांच्याजवळ बसून निदान इमारत खात्याची पाने वाचून घ्यावी लागतील. पाने उलटताना वहीची शिलाई उसवू नये, कोपऱ्याला थुंकी लावू नये, छायाचित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे आणि त्या चित्रासोबत वहीचे संवत किंवा सन आणि पान क्रमांक नोंदवावा. संवत लिहिले असल्यास ते कार्तिकादी आहे की चैत्रादी, हे पाहून घ्यावे. त्यावाचून इसवी सनाचा हिशेब एका वर्षाने चुकू शकतो. मंदिराच्या चोपड्या विश्वस्तांकडे असतात. तेथे परवानगी घेऊन, पंचांसमोर बसूनच हे काम करावे. ज्या कारागिराचे नाव आणि गाव सापडेल, त्या गावातील सुतार समाजाच्या ज्येष्ठांना ते कळवावे. त्यांची पुढची पिढी माघ शुद्ध त्रयोदशीला विश्वकर्मा जयंतीसाठी एकत्र जमते, तो त्यासाठी चांगला दिवस आहे.